आशिया नावाचा लघुग्रह आणि माझी एक चूक

१/ आजचा धागा दुरुस्तीचा आहे. गेल्या वर्षी याच मालिकेत मी ‘६७ आशिया’ या लघुग्रहाविषयी लिहिले होते. त्यात एक ठाम विधान होते : हा लघुग्रह खरे तर मद्रास वेधशाळेतील भारतीय सहायक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी शोधला आणि श्रेय मात्र त्यांच्या इंग्रज वरिष्ठांनी घेतले. माझ्या इतर कोणत्याही धाग्यापेक्षा तो अधिक वाचला गेला. ते विधान मी आज मागे घेत आहे. का, ते सविस्तर सांगते.

२/ काही महिन्यांपूर्वी नववीतल्या एका मुलीचा संदेश आला. आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत तिने रघुनाथाचारींवर भाषण केले होते आणि त्याचा मुख्य आधार माझा धागा होता. तिने लिहिले होते, ‘ताई, भाषण झाल्यावर परीक्षकांनी विचारले, याला पुरावा काय? मी तुमचे नाव सांगितले. ते हसले. पुरावा काय आहे ते मला सांगाल का?’

३/ मी उत्तर लिहायला बसले आणि थबकले. माझ्या टिपणवहीत पुरावा म्हणून दोनच गोष्टी होत्या. एक, कुठून तरी पुढे पाठवत आलेला, लेखकाचे नाव नसलेला मजकूर. दुसरी, माझा स्वतःचा तर्क : साहेब नुकताच मद्रासला आलेला, सहायक कित्येक वर्षांपासून तिथे वेध घेत असलेला, नाव तर थेट ‘आशिया’, तेव्हा शोध सहायकाचाच असणार. ‘असणार’ लिहिता लिहिता मी ‘आहे’ कधी लिहिले, हे माझे मलाच कळले नव्हते.

४/ मग विषय मुळापासून वाचायला घेतला. आरंभ सिसिलीतील पालेर्मो येथे होतो. १ जानेवारी १८०१ च्या रात्री जुझेप्पे पियाझी यांना ताऱ्यांच्या यादीत नसलेला एक ठिपका दिसला. पुढच्या रात्री तो किंचित सरकलेला होता. मंगळ आणि गुरू यांच्यामधील मोठ्या रिकाम्या जागेत एखादा ग्रह असावा, अशी खगोलज्ञांची अटकळ होतीच. पियाझींनी त्याला ‘सीरिस’ हे नाव दिले आणि फेब्रुवारीपर्यंत त्याचे वेध घेतले. पुढे तो सूर्याच्या प्रकाशात दिसेनासा झाला.

५/ तो पुन्हा कुठे उगवेल, हे सांगणे त्या काळच्या गणिताला जड जात होते, कारण हाती असलेले वेध कक्षेच्या एका लहानशा तुकड्याचे होते. चोवीस वर्षांच्या कार्ल फ्रीडरिख गाउस यांनी मोजक्या वेधांवरून संपूर्ण कक्षा काढण्याची रीत शोधली. त्यांनी सांगितलेल्या जागेच्या जवळच वर्ष सरता सरता सीरिस पुन्हा सापडला. तेव्हापासून एक शिस्त पक्की झाली. ठिपका दिसणे म्हणजे शोध नव्हे. वेगवेगळ्या वेळी घेतलेले किमान तीन चांगले वेध हवेत, त्यावरून कक्षा निघायला हवी, आणि त्या कक्षेने वर्तवलेल्या जागी तो ठिपका पुन्हा दिसायला हवा.

६/ १८०७ पर्यंत असे चार लघुग्रह सापडले. त्यानंतर अडतीस वर्षे एकही नाही. १८४५ मध्ये कार्ल हेंके या जर्मन टपाल अधिकाऱ्याने पाचवा शोधला. पुढे चांगले तारानकाशे उपलब्ध झाले आणि लघुग्रह दरवर्षी सापडू लागले. शोधाच्या क्रमाने त्यांना अंक देण्याची पद्धत याच काळात रूढ झाली. आशियाच्या नावापुढचा ६७ हा आकडा त्या रांगेतील तिचे स्थान सांगतो.

७/ हे काम प्रत्यक्षात कसे चाले? छायाचित्रणाची मदत अजून मिळू लागली नव्हती. निरीक्षक दुर्बिणीला डोळा लावून आकाशाचा लहानसा तुकडा पाहत असे आणि त्यातील एकेक तारा नकाशाशी ताडून बघत असे. नकाशात नसलेला तारा दिसला, तर तीन शक्यता असत : नकाशात चूक आहे, तारा रूपविकारी आहे, किंवा हा फिरस्ता आहे. फिरस्ता असेल, तर काही तासांत शेजारच्या ताऱ्यांच्या तुलनेत सरके. सूर्याच्या समोरच्या दिशेला, म्हणजे प्रतियुतीत असलेला असा लघुग्रह दिवसभरात साधारण अर्ध्या चंद्रबिंबाच्या रुंदीइतका सरकतो. एका रात्रीत एवढी बारीक हालचाल टिपायची, तर तो आकाशाचा तुकडा आधीपासून पाठ असावा लागतो.

८/ इथेच माझ्या तर्काला पहिला तडा गेला. मी ज्यांना ‘नवखा साहेब’ म्हटले होते, ते नॉर्मन रॉबर्ट पॉग्सन हे या कामातले मुरलेले निरीक्षक होते. भारतात येण्यापूर्वीच त्यांच्या नावावर तीन लघुग्रह होते : १८५६ मध्ये ‘४२ आयसिस’, १८५७ मध्ये ‘४३ अरियाड्नी’ आणि ‘४६ हेस्टिया’. ते मद्रासला नवे होते, पण लघुग्रहांना नव्हते. हा साधा भेद माझ्या लक्षात आला नव्हता.

९/ आणखी एक गोष्ट. ताऱ्यांची तेजस्विता आपण ‘प्रत’ या मापाने सांगतो. पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या ताऱ्याच्या बरोबर शंभरपट तेजस्वी मानायचा, म्हणजे एका प्रतीचा फरक सुमारे २.५१२ पट, ही आज जगभर वापरली जाणारी श्रेणी पॉग्सन यांनीच सुचवली. १८५६ मध्ये त्यांनी ती मांडली, तेव्हा प्रश्न लघुग्रहांचाच होता : पुढच्या वर्षभरात छत्तीस लघुग्रह महिन्यागणिक किती तेजस्वी दिसतील? हरवलेला ठिपका पुन्हा शोधायचा, तर तो कुठे असेल याबरोबर किती अंधूक असेल, हेही ठाऊक हवे.

१०/ आता मद्रास. तिथली वेधशाळा मूळची विल्यम पेट्री या कंपनीच्या अधिकाऱ्याची खासगी. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने ती आपल्याकडे घेतली आणि १७९२ मध्ये नुंगमबाक्कम येथे तिची इमारत उभी राहिली. दुर्बिणीसाठी उभारलेला ग्रॅनाइटचा भक्कम खांब चेन्नईच्या हवामान केंद्राच्या आवारात आजही आहे. १८६१ च्या आरंभी पॉग्सन सरकारी खगोलज्ञ म्हणून तिथे रुजू झाले आणि १७ एप्रिल १८६१ रोजी त्यांना नवा लघुग्रह सापडला.

११/ ही वार्ता युरोपला कळवायची तर पत्रावाचून मार्ग नव्हता. भारत आणि इंग्लंड यांच्यामध्ये चालती तारयंत्रव्यवस्था तेव्हा नव्हती. पर्शियाच्या आखातातून जाणारी तार १८६५ मध्ये सुरू झाली, आणि मुंबईहून सुएझकडे समुद्राखालून तार गेली ती १८७० मध्ये. टपाल बोटीने पोहोचेपर्यंत कित्येक आठवडे जात आणि तोवर लघुग्रह आपल्या जागेवरून बराच पुढे गेलेला असे. म्हणून मद्रासमधील निरीक्षकाला पुरेसे वेध स्वतःच जमवावे लागत. ते नेमके नसते, तर लघुग्रह सापडूनही हरवला असता.

१२/ आशिया हरवली नाही. तिची कक्षा निश्चित झाली. मंगळ आणि गुरू यांच्यामधील मुख्य पट्ट्याच्या आतल्या भागात ती फिरते. सूर्यापासून तिचे सरासरी अंतर पृथ्वीच्या अंतराच्या २.४२ पट, म्हणजे सुमारे ३६ कोटी किलोमीटर आहे. कक्षा लांबट असल्याने जवळ असताना हे अंतर १.९७ पटींवर येते आणि दूर असताना २.८७ पटींपर्यंत जाते. पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी तिची कक्षा सुमारे सहा अंशांचा कोन करते.

१३/ एक प्रदक्षिणा पूर्ण करायला आशियाला सुमारे पावणेचार वर्षे लागतात. हा काळ मंगळाच्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट आहे. मंगळाच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा हिची एक होते. तिचा व्यास साठ किलोमीटरच्या आसपास, साधारण पुणे ते लोणावळा एवढा. नुसत्या डोळ्यांना ती कधीच दिसत नाही. शोध लागल्यापासून आजवर तिने सूर्याभोवती चाळीसहून अधिक फेऱ्या घातल्या आहेत.

१४/ नावाकडे वळू. पॉग्सन यांनी ते निवडताना दोन्ही अर्थ मनात धरले होते. ग्रीक पुराणांत आशिया ही टायटन कुळातील स्त्री आहे, आणि लघुग्रहांना तशी नावे देण्याचा प्रघातच होता. दुसरा अर्थ उघड आहे : आशिया खंडातून शोधला गेलेला हा पहिला लघुग्रह. माझ्या जुन्या धाग्यात मी या नावातून ‘अपराधी मनाची कबुली’ वाचली होती. वाक्य मला तेव्हा फार आवडले होते. त्याला आधार शून्य होता. हे नाव एका ठिकाणाची नोंद करते. त्या ठिकाणच्या माणसांविषयी ते काहीच सांगत नाही.

१५/ मग चिंतामणी रघुनाथाचारी कोण? मद्रास वेधशाळेतच घडलेले, पुढे प्रथम सहायक झालेले निरीक्षक. १८६७ मध्ये त्यांनी दक्षिण आकाशातील ‘आर रेटिक्युली’ या रूपविकारी ताऱ्याचा शोध लावला. १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी पॉग्सन मछलीपट्टणला गेले, आणि निजामाच्या राज्यातील वनपर्ती येथे गेलेल्या दुसऱ्या तुकडीचे काम रघुनाथाचारींनी पाहिले. १८७२ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले.

१६/ वेधशाळेबाहेरचे त्यांचे कामही तितकेच मोठे. डिसेंबर १८७४ मध्ये शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दिसणार होता. ही घटना सामान्य लोकांना समजावी म्हणून त्यांनी पुस्तिका लिहिली आणि ती अनेक भारतीय भाषांत निघाली. प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारे ‘दृग्गणित पंचांग’ त्यांनी काढले. हाच वाद त्या काळी आपल्याकडेही तापला होता. केरो लक्ष्मण छत्रे यांच्या गणितावर आधारलेले पटवर्धनी पंचांग त्याच काळातले. जुनी कोष्टके आणि आज डोळ्यांना दिसणारा ग्रह यांत तफावत आली तर कोणाचे मानायचे, असा तो प्रश्न होता. रघुनाथाचारी डोळ्यांच्या बाजूने उभे राहिले.

१७/ आता माझ्या विधानाची अडचण पाहा. १८६७ चा ताऱ्याचा शोध रघुनाथाचारींच्या नावावर नोंदला गेला. पॉग्सन श्रेय हिरावणारे असते, तर तोही त्यांनी सहज आपल्या नावे केला असता. यावरून १८६१ मध्ये काय घडले ते सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. पण लघुग्रह चोरला असे म्हणणाऱ्याने तारा का सोडला, हे सांगायला हवे. माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते. उलट पॉग्सन यांचा आधीचा अनुभव, नोंदीची तारीख आणि नावामागचा विचार, हे सारे एकाच दिशेला जात होते.

१८/ मग वेधशाळेत सारे न्याय्य होते का? तसे मुळीच नाही. मद्रासमध्ये पाच हजारांहून अधिक ताऱ्यांच्या स्थानांचे मोजमाप पंचवीसेक वर्षे चालले. रात्रीमागून रात्री तेच काम : तारा मध्यमंडलावर येण्याची वाट पाहायची, क्षण टिपायचा, कोन वाचायचा, आकडे मांडायचे. या कामाचा फार मोठा भार भारतीय सहायकांनी वाहिला. त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे आज वाचकाला ठाऊक नाहीत. अन्याय शोधायचा तर इथे आहे. पण तो एका रात्रीच्या चोरीइतका सनसनाटी नाही, म्हणून त्याचे धागे होत नाहीत. मीही केला नव्हता.

१९/ आणि अन्याय नेहमी आपण आखलेल्या रेषेवरून चालत नाही. पॉग्सन यांच्या पहिल्या लघुग्रहाचे ‘आयसिस’ हे नाव रॅडक्लिफ वेधशाळेचे प्रमुख मॅन्युएल जॉन्सन यांनी सुचवले. आयसिस ही इजिप्तची देवी. ऑक्सफर्डजवळ टेम्स नदीलाही हेच नाव आहे. शिवाय पॉग्सन यांच्या मुलीचे नाव एलिझाबेथ आयसिस होते, आणि लघुग्रहाचे नाव तिच्यावरूनच पडले असे मानले जाते. तेव्हा ती जेमतेम तीन वर्षांची होती. मोठेपणी तीच मुलगी मद्रास वेधशाळेत गणनाचे काम करू लागली आणि पुढे मद्रास प्रांताच्या हवामान नोंदींची जबाबदारीही तिने सांभाळली.

२०/ १८८६ मध्ये वडिलांनी तिचे नाव रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी सुचवले. सोसायटीच्या सनदेत सदस्यासाठी केवळ पुल्लिंगी सर्वनाम आहे, या कारणावरून ते मागे घ्यावे लागले. स्त्रियांना तिथे प्रवेश मिळाला १९१६ पासून. आयसिस पॉग्सन सदस्य झाल्या १९२० मध्ये. म्हणजे ज्या संस्थेने १८७२ मध्ये मद्रासच्या भारतीय सहायकाला स्वीकारले, तिने चौदा वर्षांनी त्याच वेधशाळेतील इंग्रज स्त्रीला दाराबाहेर ठेवले. माझ्या ‘साहेब विरुद्ध नेटिव्ह’ या सोप्या चौकटीत हे बसतच नव्हते. म्हणून मी ते पूर्वी वगळले होते, हेही इथे कबूल करते.

२१/ पॉग्सन यांनी मद्रासहून आणखी चार लघुग्रह शोधले : सॅफो, सिल्विया, कॅमिला आणि १८८५ मध्ये व्हेरा. तीस वर्षे ते तिथेच राहिले आणि १८९१ मध्ये मद्रासलाच वारले. रघुनाथाचारी त्याआधी, १८८० मध्येच गेले होते. १८९९ मध्ये खगोलवेधांचे केंद्र कोडाईकनालला हलले. व्हेरानंतर भारतातून लघुग्रह सापडायला शंभरांहून अधिक वर्षे जावी लागली. १९८८ मध्ये तमिळनाडूतील कावलूर येथून आर. राजमोहन यांनी एक शोधला. त्याचे नाव ‘४१३० रामानुजन’.

२२/ नाव सुचवण्याचा पहिला मान आजही शोधकाचा असतो; आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची समिती ते मान्य करते. १८६१ मध्ये मद्रासहून सापडलेल्या लघुग्रहाला खंडाचे नाव मिळाले. १९८८ मध्ये सापडलेल्या लघुग्रहाला मिळाले ते, मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनी करता करता गणित मांडणाऱ्या माणसाचे. या दोन नावांमधले अंतर मला कोणत्याही चोरीच्या कथेपेक्षा अधिक सांगून जाते, आणि त्यातला शब्द न् शब्द तपासता येतो.

२३/ त्या मुलीला मी हे सारे कळवले आणि क्षमा मागितली. तिचे उत्तर एका ओळीचे होते : ‘मग रघुनाथाचारींना भाषणातून काढू का?’ या प्रश्नाने मला अधिक लाज वाटली. लघुग्रह काढून घेतला तर त्या माणसाकडे काहीच उरत नाही, असे तिला वाटावे, हे माझ्या लेखनाचे फळ होते. त्यांचा तारा, वनपर्तीचे ग्रहण, शुक्रावरची पुस्तिका, पंचांग : हे सगळे मी जुन्या धाग्यात दोन ओळींत उरकले होते. दुसऱ्याचा शोध त्यांच्या पदरी घालण्याच्या नादात त्यांचा स्वतःचा शोध मी झाकला होता.

२४/ मी तिला लिहिले : काढू नकोस. भाषणाची सुरुवात १८६१ ऐवजी १८६७ पासून कर. लघुग्रहाऐवजी तारा सांग. ‘चोरी झाली’ हे वाक्य खोड आणि त्या जागी ते रोज रात्री काय करत असत ते सांग. परीक्षकांनी पुन्हा पुरावा विचारला, तर माझे नाव घेऊ नकोस. त्या ताऱ्याचे नाव सांग आणि वर्ष सांग. ज्याला शंका असेल तो तपासून पाहील.

२५/ जुना धागा मी पुसलेला नाही. चूक पुसली की ती झालीच नव्हती असा भास होतो, आणि तोही एक खोटा इतिहासच. त्याच्या सुरुवातीला या दुरुस्तीचा दुवा जोडला आहे. ज्यांनी तो विश्वासाने पुढे पाठवला, त्यांनी हाही पाठवावा, ही विनंती. आणि इथून पुढे माझ्या कोणत्याही धाग्यावर ‘पुरावा काय?’ असे विचारायला संकोचू नका. त्या नववीतल्या मुलीने विचारले नसते, तर मी आजही तेच लिहीत राहिले असते.